परलोकीचे पत्र आणि आईची भाषा

अमेरिकेतील मोठ्या शहरांतून फिरताना एखाद्या दुकानाच्या काचेवर उघड्या तळहाताचे चित्र असलेला विजेचा फलक हमखास दृष्टीस पडतो. आत बसलेली व्यक्ती भविष्य सांगते, मृतांचे निरोप आणून देते आणि त्याबद्दल डॉलर घेते. कोकणात भगत व देवऋषी पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस यात नवल वाटणार नाही. न्यूयॉर्क राज्यात तर मोबदला घेऊन भविष्य सांगणे हा कायद्याने गुन्हा आहे; निव्वळ करमणुकीपुरती त्यास सूट आहे. तरीही हा व्यवसाय चालतो, कारण दुःखी माणसास आशा हवी असते.

अशा अतींद्रिय शक्तींची एक परीक्षा शंभर वर्षांपूर्वी एका रब्बीच्या पुत्राच्या बाबतीत घडली. ती आपण स्थलांतरितांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी याचे मूळ नाव एरिक वाइस. १८७४ साली बुडापेस्ट येथे जन्मलेला हा मुलगा चार वर्षांचा असताना अमेरिकेस आला. विस्कॉन्सिन राज्यातील अॅपलटन गावी त्याचे वडील रब्बी होते. आईवर त्याची निस्सीम भक्ती होती. जुलै १९१३ मध्ये ती वारली तेव्हा तो समुद्रापार कोपनहेगन येथे होता. अंतकाळी भेट झाली नाही, हे शल्य त्यास जन्मभर सलत राहिले.

जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे, शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल यांच्या पत्नीने हुडिनीसाठी आत्म्यास पाचारण केले. बाईंचा हात झरझर चालू लागला आणि पंधरा पाने भरली. मजकूर मायेचा होता. परंतु आरंभी क्रूसाचे चिन्ह होते आणि भाषा होती इंग्रजी! हुडिनीची आई रब्बीची पत्नी. अमेरिकेत इतकी वर्षे राहूनही तिला इंग्रजी येत नव्हते. मुलाशी ती जर्मन बोले.

डॉईल दांपत्य लबाड होते, असे हुडिनीनेही म्हटले नाही. महायुद्धाच्या अखेरीस पुत्र गमावलेले ते प्रामाणिक श्रद्धाळू होते. परंतु प्रामाणिकपणा म्हणजे पुरावा नव्हे, हाच यातील बोध होय. लिहिणाऱ्या हाताने आपलीच भाषा व आपलेच धर्मचिन्ह कागदावर उतरविले. जे केवळ त्या मातेस ठाऊक असावे, असे त्यात काहीच नव्हते.

पुढे हुडिनीने अशा माध्यमांची कसून तपासणी केली आणि १९२६ साली वॉशिंग्टन येथे काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. त्याच वर्षी तो निवर्तला. त्याच्या पत्नीने दहा वर्षे त्याच्या संदेशाची प्रतीक्षा केली आणि १९३६ साली अखेरची बैठक भरवून तो प्रयत्न सोडला.

त्यानंतरचा अनुभवही असाच आहे. तेल अवीव येथे जन्मलेल्या युरी गेलर यांचे चमचे वाकविणे आपल्याही घरांत कौतुकाचा विषय झाले होते. १९७३ साली जॉनी कार्सन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात मात्र, जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने साहित्य आधी सुरक्षित ठेवले गेले, तेव्हा त्यांची शक्ती प्रकट झाली नाही. रँडी यांनी १९६४ साली सिद्ध शक्तीसाठी १,००० डॉलरचे बक्षीस लावले. ते वाढत १० लाखांवर गेले. २०१५ साली ते बंद होईपर्यंत एकही अर्जदार त्यास पात्र ठरला नाही.

आपल्यापैकी कितीकांना मुंबईस वा इस्राएलास आईवडिलांच्या अंतसमयी पोहोचता आले नाही. रात्री दूरध्वनी येतो, विमान मिळेपर्यंत सारे आटोपलेले असते. अशा मनास कोणी निरोपाचे आमिष दाखविले, तर पाय तिकडे वळणे स्वाभाविक आहे. तेथे उपहास नको. मात्र पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे: ही माझी आई असेल, तर ती माझ्याशी मराठीत का बोलत नाही? मला घरच्या नावाने का हाक मारीत नाही?

मृतांस विचारणा करू नये, असे तोरा सांगते. एन-दोरच्या स्त्रीकडे गेलेल्या शौल राजासही तेथे सांत्वन लाभले नाही. प्रियजनांच्या स्मरणार्थ आपल्याकडे दिवा आहे आणि काद्दीश आहे. त्यासाठी दहा माणसे जमवावी लागतात, आणि शोकग्रस्त घरास खरी गरज असते ती त्या दहा माणसांचीच.