जुनं ते सोनं... पण किती कॅरेटचं?

मागच्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड ‘४० टक्के ऑफ’मध्ये मिळतंय? कार्ड घासण्याआधी (बँकेचं हं!) थोडं गणित करू या. घाबरू नका, शाळेतल्या गुणोत्तर-प्रमाणाच्या पुढे जाणार नाही!

महिन्याची पहिली तारीख. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि बोटं आपोआप शॉपिंग साइटकडे वळतात. कुणाला गेमिंगसाठी, कुणाला व्हिडिओ एडिटिंगसाठी, तर कुणाला आर्किटेक्चरच्या थ्रीडी रेंडरसाठी एक दणकट ग्राफिक्स कार्ड हवं असतं. नवंकोरं मॉडेल बजेटच्या बाहेर. पण त्याच्या शेजारीच मागच्या पिढीचं कार्ड लाल अक्षरांत खुणावत असतं. मूळ किमतीवर काट, खाली घसघशीत सूट, वर ‘शेवटचे दोन पीस’ची धमकी! लॅमिंग्टन रोडवर गेलात तर काउंटरमागून हाच डायलॉग ऐकू येतो, ‘‘साहेब, हा रेट उद्या नाय मिळणार.’’

रक्कम काही छोटी नसते. एकट्यानं राहणाऱ्याचं महिना-दोन महिन्यांचं घरभाडं त्यात सहज निघतं. त्यामुळे ‘घेऊन टाक यार’ आणि ‘थांब जरा’ या दोन मित्रांच्या मध्ये अडकण्यापेक्षा स्वतःचे फंडे क्लिअर केलेले बरे.

टक्के नेमके कशावरचे?

सेलच्या टॅगवरची सूट बहुतेक वेळा कार्ड बाजारात आलं त्या दिवशीच्या किमतीवर किंवा बॉक्सवरच्या एमआरपीवर मोजलेली असते. ती किंमत आज कुणीच देत नाही. त्यामुळे तिच्यावरचे ४० टक्के ऐकायला गोड, पण उपयोग शून्य! खरी तुलना एकच. आज, याच पैशांत किंवा थोड्या जास्त पैशांत नवं काय मिळतंय?

समजा, जुनं कार्ड २४ हजारांना आहे आणि नवं ३० हजारांना. नवं साधारण २० टक्के जास्त वेगवान आहे. म्हणजे जुन्या कार्डासाठी तुम्ही नव्याच्या ८० टक्के किंमत मोजताय आणि वेग मिळतोय ८३ टक्के. मामला जवळजवळ बरोबरीचा. आता वर्षांचा हिशोब करा. जुनं तीन वर्षं पुरलं तर वर्षाला ८ हजार, नवं चार वर्षं पुरलं तर वर्षाला साडेसात हजार. झालं! ‘स्वस्त’ कार्ड महाग ठरलं. तेच जुनं कार्ड १८ हजारांना मिळत असेल, तर मात्र वर्षाला ६ हजार. मग बिनधास्त विचार करा.

नियम सोपा आहे. वेगात जेवढं कमी मिळतंय, त्याहून किंमत चांगलीच कमी असली पाहिजे. उन्नीस-बीसचा फरक असेल तर नवंच घ्या.

एकाच घरातली तीन भावंडं

नवं म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस, असंही नाही बरं का. एनव्हिडियाच्या ‘६०’ घराण्याकडेच बघा ना. आरटीएक्स ३०६० आलं फेब्रुवारी २०२१मध्ये, ३२९ डॉलरला. ४०६० आलं जून २०२३मध्ये, २९९ डॉलरला. ५०६० आलं मे २०२५मध्ये, तेही २९९ डॉलरलाच. प्रत्येक धाकटं भावंडं गेम्समध्ये थोरल्यापेक्षा साधारण वीसेक टक्क्यांनी पुढे. पण मेमरी? ३०६०मध्ये १२ जीबी, ४०६०मध्ये ८ आणि ५०६०मध्येही ८!

कार्डाची ही मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा मोठा असेल तर सगळी भांडी हाताशी राहतात. ओटा भरला की दर मिनिटाला फडताळाकडे पळायचं. कार्डाचंही तसंच. व्हीरॅम संपली की माहिती कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून ओढावी लागते आणि ती वाट बरीच संथ असते. मग चित्र मध्येच अडखळतं, टेक्स्चर धूसर दिसतात. सरासरी वेग कितीही भारी असला तरी त्या अडखळण्यानं मजा जाते.

म्हणूनच घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवणारे किंवा ब्लेंडरमध्ये जड सीन रेंडर करणारे लोक आजही १२ जीबीच्या ३०६०ला मान देतात. वेग कमी असला तर काम उशिरा होईल. मेमरीत मावलंच नाही, तर कदाचित होणारच नाही!

तुम्हाला नेमकं काय करायचंय?

कार्ड निवडण्याआधी मॉनिटरकडे बघा. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर सुमारे ३७ लाख आणि फोर-केवर जवळपास ८३ लाख. म्हणजे फोर-केला कार्डानं चौपट रंगकाम करायचं! तुमचा मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार. कार्डानं १२० फ्रेम्स काढल्या तरी निम्म्या तुम्हाला दिसणारच नाहीत. अशा वेळी जुनं, स्वस्त कार्ड हा शहाणपणा आहे, कंजूषपणा नव्हे.

यूट्यूबसाठी व्हिडिओ करता? मग एक बारीक गोष्ट महत्त्वाची. एव्ही१ हा नवा फॉरमॅट कमी जागेत चांगला व्हिडिओ बसवतो. एनव्हिडियाच्या ३० सीरिजची कार्डं एव्ही१ व्हिडिओ दाखवू शकतात, पण हार्डवेअरवर तयार करू शकत नाहीत. ती सोय ४० सीरिजपासून आली. एएमडीमध्ये ती आरएक्स ७००० सीरिजपासून आहे. रोज तासन्‌तास एक्स्पोर्ट करणाऱ्याला हा फरक जाणवेल. वीकेंडला दोन तास गेम खेळणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि डीएलएसएसचं काय? कार्ड छोटं चित्र काढतं आणि एआयच्या मदतीनं ते मोठं करून दाखवतं, ही त्याची साधी आयडिया. जानेवारी २०२५मध्ये त्याचं जे सुधारित रूप जाहीर झालं, ते २०१८च्या २० सीरिजपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळालं. म्हणजे जुन्या कार्डांना चक्क फुकटात फेशियल! मात्र मधल्या फ्रेम्स स्वतःच बनवून घालणारं ‘फ्रेम जनरेशन’ एनव्हिडियानं ४० सीरिजपासून पुढेच दिलं आणि एकाऐवजी जास्त फ्रेम्स घालणारा प्रकार फक्त ५० सीरिजला. जाहिरातीतले दुप्पट-तिप्पट वेगाचे आकडे बऱ्याचदा याच्या जोरावर असतात. मुळात फ्रेम्स कमी असतील तर आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावरचा जडपणा तसाच राहतो. तेव्हा तुलना करताना ही सोय बंद ठेवून काढलेले आकडे बघा.

कार्ड स्वस्त, बाकीचं महाग!

आता एक मोहात पाडणारा सौदा बघू. आरटीएक्स ३०८० हा २०२०चा राजा. आला तेव्हा ६९९ डॉलरचा. २०२३चं ४०७० गेम्समध्ये साधारण त्याच्याच तोडीचं. मग ३०८० स्वस्तात मिळालं तर? सही ना? थांबा! ३०८० खातं ३२० वॉट, ४०७० खातं २००. एनव्हिडिया ३०८०साठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, ४०७०साठी ६५० वॉटचा. तुमच्या कॅबिनेटमध्ये ४५०चा असेल तर नव्या एसएमपीएसचा खर्च आधी धरा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. एवढं कार्ड आणि प्रोसेसर जोरात पळत असताना लाइट गेली, तर तो काही साथ देणार नाही.

विजेच्या बिलाची भीती मात्र अनेकदा उगाच घातली जाते. १२० वॉटचा फरक, रोज तीन तास वापर, वर्षाला सुमारे १३१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी १३०० रुपये. ३०६० आणि ४०६० यांच्यात फरक ५५ वॉटचा, म्हणजे वर्षाला ६०० रुपयांच्या आसपास. दिवसभर रेंडर चालणाऱ्यांनी हे आकडे तीन-चारनं गुणावेत. आणि हो, ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. मे महिना, दहा बाय दहाची खोली, एसी नाही... कल्पना करा!

मदरबोर्डही तपासा. ४०६० आणि ५०६० स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन वापरतात. बोर्ड जुना, पीसीआयई ३.० असेल तर ८ जीबी मेमरी भरल्यावर ही अरुंद वाट आणखी जाचते. २०२२च्या एएमडी आरएक्स ६५०० एक्सटीची तर चारच लेन आणि साधारण ४ जीबी मेमरी. जुन्या बोर्डावर ते चांगलंच लंगडतं. म्हणजे जुन्या पीसीला नेहमी नवं बजेट कार्डच शोभेल असं नाही.

एक्स्पायरी डेट बघितलीत?

दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, कार्डाची बघत नाही. ती असते ड्रायव्हरची. एकेकाळी सगळ्यांचं स्वप्न असलेलं जीटीएक्स १०८० टीआय २०१७चं, ११ जीबीचं. पण त्याच्या पिढीला नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५नंतर थांबवलं. सुरक्षेचे अपडेट मात्र ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतील. काही गेम्स तर आणखी पुढे गेलेत. डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५चा ‘डूम : द डार्क एजेस’ यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच. जीटीएक्स नावाचं कुठलंही कार्ड तिथे बाद! त्यामुळे एक-दोन पिढ्या मागचं कार्ड ठीक. त्याहून जुनं घ्यायचं तर ते ऑफिसच्या कामासाठी किंवा जुन्या गेम्ससाठी, हे डोक्यात पक्कं ठेवा.

थांबलं तर स्वस्त होईल?

इलेक्ट्रॉनिक्स थांबणाऱ्याला फळतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ग्राफिक्स कार्डानं हा समज दोनदा खोटा ठरवला. २०२१मध्ये टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. पुढे २०२५च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे मेमरी चिपचे दर जगभर झपाट्यानं चढले. कार्डाला मेमरी तर लागतेच! म्हणून ‘पुढच्या दिवाळीत बघू’ म्हणताना दिवाळीवर फार भिस्त ठेवू नका. आज गरज आहे आणि गणित जमतंय, तर घ्या. गरज नाही, तर ९० टक्के सूटसुद्धा महागच.

बॉक्सवरचं नाव आणि आतला माल

शेवटची मेख नावात आहे. आरटीएक्स ३०६०चंच २०२२मध्ये ८ जीबीचं एक रूप आलं. नाव तेच, पण मेमरीची वाट अरुंद आणि वेग कमी. ‘३०६० आहे’ एवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. सेकंड हँड घेत असाल तर आणखी सावध राहा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं बाजारात फिरतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं की अशी बरीच सोंगं उघडी पडतात. मायनिंगमधून आलेलं कार्ड खराबच असतं असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेले असू शकतात. अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि आवाज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाण्याआधी...

* आजच्या नव्या कार्डाची किंमत लिहून घ्या आणि जुन्याची तुलना तिच्याशीच करा.
* मॉडेलचं पूर्ण नाव आणि मेमरी बॉक्सवर वाचा. फुल एचडीला ८ जीबी चालून जाईल. १४४०पी, एआय किंवा थ्रीडी असेल तर १२ किंवा जास्त बघा.
* एसएमपीएसचे वॉट, पॉवर कनेक्टर आणि कॅबिनेटमधली लांबी मोजा. टेप घेऊनच मोजा!
* जीएसटीचं पक्कं बिल घ्या. काही कंपन्या वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, काही सिरियल नंबरवरून. दोन वर्षं गोदामात पडलेल्या ‘नव्या’ कार्डाची निम्मी वॉरंटी आधीच संपलेली असू शकते. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून बघा, काउंटरवर उभं राहूनच.
* आणि दुकानदार म्हणाला, ‘‘शेवटचा पीस आहे,’’ तर हसून म्हणा, ‘‘काका, चहा घेऊन येतो.’’ चहाच्या दहा मिनिटांत गणित पुन्हा एकदा मांडा. तेवढ्यात पीस गेलाच, तर शेजारच्या दुकानातही बहुधा एक ‘शेवटचा’ असेलच!