ठासणीच्या बंदुकीचा नेम का बिघडतो?

ठासणीच्या रायफलीचा नेम बिघडला की पहिला संशय नळीतल्या काजळीवर घ्यावा. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही; तो धूर आणि राख बनतो. हा थर हवेतला ओलावा शोषून घेतो. ओलाव्याची ही अडचण जुनीच: १० ऑगस्ट १७६३ रोजी, ऐन पावसाळ्यात, आजच्या बीड जिल्ह्यात राक्षसभुवन येथे गोदाकाठी माधवराव पेशवे आणि निजामाचे सैन्य भिडले. अशा दमट हवेत दारू कोरडी राखणे हीच मोठी कसोटी. त्या काळच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे, त्यामुळे त्यांचा नेम मुळातच बेताचा.

रायफलीच्या नळीतले पीळदार आटे गोळीला फिरकी देतात. गोळीभोवतीची तेलकट चिंधी ही फिरकी गोळीपर्यंत पोचवते, म्हणून बार झाल्यावर पडलेली चिंधी जरूर तपासावी. ती फाटलेली किंवा जळालेली असेल तर कापड पातळ आहे, तेल कमी पडले आहे किंवा आट्यांची धार खरखरीत आहे.

दारूचे माप दर वेळी सारखेच हवे. गोळी दारूवर पक्की टेकली का, हे गजावरच्या खुणेवरून कळते. मध्ये पोकळी राहिली तर नेमाचे सोडाच, नळीच फुटू शकते.

एवढे करूनही गोळ्या विखुरत असतील तर नळीच्या तोंडाची कड पाहावी. गज घासून ती एका बाजूने झिजते. शेवटी माशी आणि दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, हे पाहावे.