बाळ गेल्यावर विचारायचे प्रश्न

बाळ दगावलं आणि आशाताई नोंद करायला दारात आली, की घरचे धास्तावतात. आता चौकशी लागणार, कोणाला तरी धरणार! उपकेंद्रातली नर्स (एएनएम) त्याहून घाबरलेली. पण बालमृत्यू अन्वेषण हा पोलिसी तपास नाही. केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील मुलाच्या मृत्यूची खबर आशा चोवीस तासांत एएनएमला देते, एएनएम घरी जाऊन प्राथमिक माहिती घेते, पुढे निवडक मृत्यूंचा सविस्तर तपास होतो आणि जिल्हा समिती उपाय ठरवते. शिक्षा हा हेतूच नाही. कर्मचाऱ्यांना नोटिशीची धास्ती बसली, की जिवंत जन्मून गेलेलं बाळही ‘मृत जन्मलं’ म्हणून लिहिलं जातं आणि शिकण्यासारखं सगळं त्या खोट्या नोंदीत गाडलं जातं.

शवविच्छेदन झालं नाही तर कारण कळायचं कसं? विचारून. बाळ जन्मताच रडलं का, दूध ओढणं कधी थांबलं, धाप लागली का, आधी कोणाकडे नेलं, गाडी किती वेळाने मिळाली. प्रशिक्षित माणूस आईकडून हे ऐकून घेतो आणि डॉक्टर त्यावरून संभाव्य कारण ठरवतात. ते दर वेळी अचूक नसतं; नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग नुसत्या वर्णनावरून वेगळे करणं अवघडच. पण उशीर घरात झाला, वाटेत झाला की दवाखान्यात, हे बहुतेकदा लख्ख दिसतं.

आकडा कमी म्हणजे मृत्यू कमी, हाही भ्रमच. महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी स्वतः मोजणी केली. ‘कोवळी पानगळ’ या त्यांच्या २००१च्या अहवालाने दाखवलं, की सरकारी दप्तरात बालमृत्यू फारच कमी नोंदले जात होते.

सर्वांत चिवट समज असा : आधी गरिबी हटू द्या, मग मुलं वाचतील. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी एका बाळाच्या मृत्यूमागची कारणं मोजली, ती अठरा निघाली. आईची उपासमार, मलेरिया, घरातली दारू, पुराची नदी. ही अठराही कारणं दूर करायला पिढ्या लागतील. पण ही साखळी आहे, एक कडी तुटली तरी बाळ वाचू शकतं. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून ३९ गावांत अशीच एक कडी धरली, नवजात बाळाची घरातली काळजी. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत केलं; त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. डॉक्टर नसलेल्यांनी इंजेक्शन देण्यावरून वाद झाला, आणि तो होणं रास्तच होतं. पण तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. नदीवरच्या पुलाची वाट न पाहता.

२०११पासून याच धर्तीवरची घरपोच नवजात सेवा आशांमार्फत देशभर सुरू झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत आशा सहा वेळा घरी येते. त्या भेटी टाळू नका. आणि बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं किंवा धापा टाकू लागलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.