एक जुलैनंतरचे डॉक्टर

सरकारी रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड, पहाटेचे साडेतीन. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींची शीर सापडत नाही. इंटर्न मुलगी मनगटाजवळ बोटाने चाचपते, दुसरा हात बघते, सुई पुन्हा टोचते. ट्यूबवर नाव लिहिताना थबकते आणि केसपेपर परत एकदा वाचून घेते. "जेवलीस का गं बाळा?" आजी विचारतात. ती नुसती हसते. अजून अकरा सॅम्पल बाकी आहेत.

अशी मुलगी खचली, की 'आजकालच्या पोरांना सोसवत नाही' म्हणून आपण मोकळे होतो. हा अन्याय आहे.

ताणाच्या अभ्यासातली मोठी अडचण ही, की माणूस हाती लागतो तो खचल्यावर. मग तो मुळातच खचलेला होता की नंतर खचला, हे कसं कळणार? मिशिगन विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ सृजन सेन यांना इंटर्नशिपमध्ये वाट सापडली. अमेरिकेत बहुतेक नवे डॉक्टर १ जुलैच्या आसपास रुजू होतात, म्हणजे ताण सुरू होण्याची तारीख आधीच ठाऊक! त्यांच्या गटाने १३ रुग्णालयांतल्या ७४० इंटर्नकडून रुजू होण्यापूर्वी नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी तीच. निष्कर्ष २०१० मध्ये आले. २७ पैकी १० किंवा अधिक गुण, म्हणजे नैराश्याची ठळक लक्षणं असलेले, आधी ३.९ टक्के होते. इंटर्नशिपमध्ये ते सरासरी २५.७ टक्के झाले. माणसं तीच.

रात्रपाळ्यांनी थकवा येणारच, असं कुणी म्हणेल. झोप, थकवा आणि भूक यांचे प्रश्न त्या नवांत आहेतच. पण एका प्रश्नाला जास्तीत जास्त ३ गुण, त्यामुळे तिन्हींची बेरीज ९ च्या पुढे जात नाही. दहाचा उंबरा ओलांडायला उदासी, कशातच रस न वाटणं, स्वतःला नालायक समजणं असं आणखी काही जडावंच लागतं.

पुढे सतरा हजारांवर नव्या डॉक्टरांची माहिती तपासली गेली. आठवड्याला ४० ते ४५ तास काम असेल, तर गुण सरासरी १.८ ने वाढतात; ९० तासांपुढे ५.२ ने. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे मला सगळ्यांत बोलके वाटतात, कारण तास ठरवणं इंटर्नच्या हातात नसतं.

आपल्याकडे इंटर्नशिपच्या वर्षात नीट-पीजीचा अभ्यासही उशाशी असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. ७४ तासही थोडे नव्हेत. तरी ही शिफारस ड्युटीच्या तक्त्यात उतरली, तर पुष्कळ फरक पडेल. समुपदेशनही हवंच. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.