भक्तिगीत, मशीद आणि शुद्धलेखन

आपल्या शहराच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, नावापासूनच सुरुवात करू. मराठीत आपण ‘छत्रपती’ लिहितो, हिंदीत ‘छत्रपति’ लिहितात. हिंदी फलकावरचा ह्रस्व ‘ति’ पाहून अनेकांना वाटते की लिहिणाऱ्याला भाषा येत नाही, किंवा त्याला त्या नावाबद्दल आदर नाही. खरे तर दोन्ही रूपे आपापल्या भाषेच्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत. संस्कृतातला मूळ शब्द ‘पति’. हिंदीने तो तसाच ठेवला आणि मराठीने शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचे ठरवले. एका वेलांटीचा प्रश्न श्रद्धेपर्यंत किती सहज जातो, हे या शहरात वारंवार दिसते. म्हणून श्रद्धा आणि शुद्धलेखन यांच्याविषयीचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : देवाधर्माचे वाचन-पाठांतर असलेल्याचे शुद्धलेखन आपोआप चांगले असते.

पाठांतराने उच्चार सुधारतो. संस्कृत स्तोत्र वृत्तात म्हणताना लघु-गुरू सांभाळावे लागतात, त्यामुळे संस्कृतातून आलेल्या शब्दांची रूपे कानात बसतात. हा फायदा खरा आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. मराठी बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांच्यातला फरक आपण फारसा पाळत नाही. ‘तूप’ आणि ‘तुपात’ यांतले दोन ‘उ’ नुसत्या कानाने ओळखणे अवघड आहे; तिथे नियम माहीत असावा लागतो आणि शब्द डोळ्यांखालून पुष्कळदा गेलेला असावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार जोडले गेले. त्यांतला एक नियम सांगतो की संस्कृतातून आलेले कवि, गुरु, भक्ति असे शब्द मराठीत स्वतंत्रपणे येतात तेव्हा शेवट दीर्घ करावा : कवी, गुरू, भक्ती. पण तोच शब्द समासात आधी आला की मूळचा ह्रस्व परत येतो : कविवर्य, गुरुदक्षिणा, भक्तिगीत. ‘हरी’ दीर्घ, पण ‘हरिपाठ’ ह्रस्व. ‘शांती’ दीर्घ, पण ‘शांतिपाठ’ ह्रस्व.

म्हणजे सर्वांत जास्त सापळे धार्मिक शब्दांतच आहेत. गणेशोत्सवाच्या कमानींवर ‘भक्तीगीते’, देणगीच्या फलकांवर ‘जिर्णोद्धार’ आणि लग्नपत्रिकांवर ‘आशिर्वाद’ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. बरोबर रूपे भक्तिगीते, जीर्णोद्धार, आशीर्वाद. हे शब्द लिहून घेणाऱ्यांच्या श्रद्धेत काही उणे नसते. उलट, संस्कृत उत्तम येणारा माणूस मराठीत सवयीने ‘कवि’ आणि ‘बुद्धि’ लिहून जातो. त्याचे ज्ञानच त्याला चुकवते.

गैरसमज : मुसलमान मुलांना मराठी व्याकरण जमत नाही.

हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो शाळेच्या वर्गात मुलाच्या तोंडावर बोलला जातो. शहरातल्या किराडपुऱ्यातले किंवा शहागंजातले एखादे मूल ‘ते पुस्तक’ऐवजी ‘ती पुस्तक’ म्हणते, हे खरे. कारण भाषेत आहे. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग नावाची वस्तूच नाही. घरात हिंदी किंवा मारवाडी बोलणारे हिंदू मूलही हीच चूक करते, कारण त्याच्याही घरच्या भाषेत दोनच लिंगे आहेत. पुण्यातले मराठी मूल हिंदी शिकताना याच्या उलट अडखळते, तेव्हा त्याच्या धर्माची कुणी चौकशी करत नाही. उलट उर्दू शाळेत शिकणारे मूल ‘ज़’ या एकाच ध्वनीसाठी चार वेगवेगळी अक्षरे लक्षात ठेवते. वर्णलेखनाची शिस्त त्याला शिकवावी लागत नाही. त्याला मराठी पुस्तके आणि मराठी बोलणारे सवंगडी मिळायला हवेत.

आपल्या शहरातली दखनी उर्दू तर मराठीच्या इतकी जवळ आहे की जोर देण्यासाठीचा आपला ‘च’ तिने जसाच्या तसा घेतला आहे. ‘अब्बीच आया’ म्हणणाऱ्याच्या तोंडात मराठीचा एक प्रत्यय रोज असतो.

एक नाव इथे घेतलेच पाहिजे. डॉ. यू. म. पठाण, म्हणजे यूसुफखान महंमदखान पठाण, या शहरातल्या मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. संतसाहित्य आणि महानुभाव साहित्य हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या विद्यापीठात मराठीचे धडे त्यांच्याकडून घेतलेले असंख्य हिंदू विद्यार्थी पुढे शिक्षक झाले.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही मराठवाड्यातच आहे. निजामाच्या राज्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत कारभाराची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून होते. त्या पिढीतल्या कितीतरी हिंदू घरांतल्या माणसांचा उर्दूवर हात बसला होता. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू-फारसीत मुरले होते आणि मराठीत इतिहास लिहीत होते. भाषा शाळा आणि कचेरीच्या मागे गेली, प्रार्थनास्थळाच्या नव्हे.

गैरसमज : शुद्ध भाषा एका धर्माची किंवा एका जातीची मालमत्ता आहे.

या समजाला थोडा आधार आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मंदिर’ हा शब्द तत्सम, म्हणून त्यातला ‘दि’ ह्रस्व. ‘मशीद’ तत्सम नाही, म्हणून ‘शी’ दीर्घ. आणि ‘मशिदीत’ म्हणताना तो पुन्हा ह्रस्व होतो. म्हणजे बरोबर लिहायचे तर शब्द संस्कृतातून आला की नाही, हे आधी ओळखता यायला हवे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत कानावर पडले, त्या घरातल्या मुलाला हे सोपे जाते. ज्या घराला शाळेचा उंबरठाच ओलांडू दिला नव्हता, तिथल्या मुलाला ते मुद्दाम शिकावे लागते. पण हा संधीचा फरक आहे. त्याचा संबंध बुद्धीशी नाही आणि देव मानण्या-न मानण्याशीही नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय काढले, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. नागपुरातले बौद्ध धर्मांतर त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाले. त्या दिवशी लाखो लोकांची श्रद्धा बदलली. दुसऱ्या दिवशी कुणाचेही ह्रस्व-दीर्घ बदलले नव्हते. ते बदलले शाळेत, वसतिगृहात, वाचनालयात, आणि त्याला वर्षे लागली. मिलिंदमध्ये शिकवणारे गंगाधर पानतावणे पुढे याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवत राहिले, आणि ज्यांच्या आई-वडिलांना सही करता येत नव्हती अशा लेखकांची पिढी त्या नियतकालिकातून लिहिती झाली.

गैरसमज : श्रद्धाळू माणसे व्याकरणाकडे दुर्लक्ष करतात, बुद्धिवादी काटेकोर असतात. किंवा याच्या बरोबर उलट.

मराठी व्याकरणाचा इतिहास दोन्ही बाजूंना खोटे ठरवतो. चक्रधरस्वामींच्या सूत्रांचा अर्थ नेमका लागावा म्हणून महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिक’ लिहिले. मराठी व्याकरणाचा तो पहिला प्रयत्न मानतात. पैठणला संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले पाठभेद पाहून १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. गोव्यात जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ चे, आणि हेच दादोबा पुढे जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत होते. आणि ‘वाक्यमीमांसा’ लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर तर ईश्वराबद्दल उघड अज्ञेयवादी होते.

यांच्यात सामाईक काय, तर प्रत्येकाला मजकूर महत्त्वाचा वाटत होता. कुणाला सूत्राचा अर्थ जपायचा होता, कुणाला धर्म सांगायचा होता, कुणाला मुलांना शिकवायचे होते. धर्मसंस्थांनी व्याकरणाला चालना दिली, हे निर्विवाद आहे. पण ते काम पोथीशी बसणाऱ्या माणसांनी केले. नुसत्या श्रद्धेने ते झाले नाही, आणि नुसत्या अश्रद्धेनेही होत नाही.

म्हणून दोन गटांचे लेखन समोर ठेवून कोणी ‘आस्तिक जास्त चुकतात’ किंवा ‘नास्तिक जास्त चुकतात’ असे सांगितले, तर आधी विचारा : दोन्ही गटांतल्या माणसांचे वय, शिक्षण, घरची भाषा सारखी होती का? त्यांनी ते कागदावर लिहिले की फोनवर? हे जुळवून घेतल्याशिवाय केलेली तुलना श्रद्धेविषयी काहीच सांगत नाही.

तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा फलक असो, उरुसाची पत्रिका असो किंवा बुद्धजयंतीची कमान. छपाईला देण्याआधी मजकूर एकदा मराठीच्या शिक्षकाला दाखवा. त्यांचे आडनाव काय आहे, हे पाहू नका.