पहिल्याच दिवशीं फळ देणारी भाषा

कोणतीहि विद्या आरंभीं थोडी रुक्ष वाटते. पेटी शिकणारास महिनोगणती सूर घोटावे लागतात, टंकलेखन शिकणारास तींच तीं अक्षरें शेकडों वेळां बडवावीं लागतात, आणि मग कोठें हाताला गोडी येते. संकेतस्थळें तयार करण्याच्या कलेंत मात्र अशी एक भाषा आहे, कीं जी पहिल्याच दिवशीं शिकणाराच्या पदरांत फळ टाकते. तिचें नांव पीएचपी. चार ओळी लिहाव्या, पडद्यावर 'नमस्कार' उमटावा, आणि थोड्याच दिवसांत परगांवच्या माणसालाहि भरतां येईल असा अर्ज त्या पानावर तयार व्हावा, असा अनुभव पुष्कळांना येतो. ह्या सुलभतेमुळेंच ती लोकप्रिय झाली. आणि नवशिक्याला असणारा मुख्य धोकाहि ह्या सुलभतेंतच आहे. तो कसा, हें समजण्यासाठीं ह्या भाषेची जन्मकथा प्रथम पाहणें इष्ट होईल.

रासमुस लेर्डोर्फ ह्या ग्रीनलंडमध्यें जन्मलेल्या व कॅनडांत शिकलेल्या तंत्रज्ञानें १९९४ सालीं आपल्या माहितीचें पान किती लोक पाहतात हें कळावें म्हणून सी भाषेंत कांहीं लहान साधनें लिहिलीं. १९९५ च्या जूनमध्यें तीं त्यानें सर्वांसाठीं खुलीं केलीं. 'पर्सनल होम पेज' म्हणजे 'स्वतःचें पान' ह्या नांवाचीं आद्याक्षरें तीच पीएचपी. नवी भाषा निर्माण करावी असा त्याचा हेतु नव्हता. गरज पडेल तसतशी भर पडत गेली. पुढें इस्रायलमधील आंडी गुटमन्स व झीव्ह सुरास्की ह्या दोन विद्यार्थ्यांनीं तिचा गाभा नव्यानें लिहिला, व १९९८ सालीं तिसरी आवृत्ति निघाली. २००२ पासून विकिपीडिया हा ज्ञानकोश ह्याच भाषेंतील प्रणालीवर चालूं लागला; २००३ सालचें वर्डप्रेस आणि २००४ सालचें फेसबुक ह्यांचाहि आरंभ हिच्यांतच झाला. मराठी विकिपीडियाचें पान उघडणारा वाचक पीएचपीनें जुळविलेलेंच पान पाहत असतो.

एका पानासाठीं बांधलेल्या खोपटाचा असा वाडा झाला; त्यामुळें त्याचे कांहीं कोपरे वेडेवांकडे राहिले. तथापि नवशिक्याची पहिली अडचण त्या कोपऱ्यांची नसते. आपण लिहिलेलें काम नेमकें कोठें घडतें, हेंच त्याला उमगलेलें नसतें.

वाचक पान मागतो तें आपल्या ब्राउझरमधून. ती मागणी दूर कोठें तरी असलेल्या सर्व्हर नांवाच्या संगणकाकडे जाते. पीएचपीचीं वाक्यें तेथें वाचलीं जातात, त्यांप्रमाणें पान तयार होतें, आणि केवळ तें तयार पान वाचकाकडे रवाना होतें. पंक्तींत बसलेल्यास ताट दिसतें, चूल दिसत नाहीं. तसाच हा प्रकार. म्हणूनच ब्राउझरमध्यें पानाचा मूळ मजकूर उघडून पाहिला तरी त्यांत पीएचपीचा मागमूस सांपडत नाहीं. नवशिका आपली धारिका सर्व्हरवांचून थेट ब्राउझरमध्यें उघडतो, आणि कांहींच घडलें नाहीं म्हणून हताश होतो, त्याचेंहि कारण हेंच. ताट मांडलें, पण चूल पेटविली नाहीं! २०१२ सालच्या ५.४ ह्या आवृत्तीपासून भाषेबरोबरच एक लहानसा सर्व्हर मिळतो, तेव्हां ही चूल आतां घरच्या संगणकावरहि पेटवितां येते.

ह्याच अज्ञानांतून आणखी दोन गोंधळ उद्भवतात. पीएचपीनें पानावर वेळ लिहिली, तर ती पान तयार झालें त्या क्षणाची असते. ती पुढें सरकत नाहीं. चालतें घड्याळ हवें असल्यास तें काम ब्राउझरमध्यें चालणाऱ्या जावास्क्रिप्ट ह्या निराळ्या भाषेचें आहे. शिवाय, वेगळें सांगितलें नाहीं तर पीएचपी जागतिक प्रमाणवेळ धरते. म्हणजे मुंबईंत सकाळचे दहा वाजले असतां पानावर साडेचार दिसतात. दुसरा गोंधळ स्मरणाचा. प्रत्येक मागणीच्या वेळीं काम पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. मागच्या मागणीच्या वेळीं चलांत ठेवलेला आंकडा पुढच्या वेळीं उरत नाहीं. जें राखावयाचें तें माहितीच्या साठ्यांत मुद्दाम लिहून ठेवावें लागतें.

भाषेचें व्याकरण त्या मानानें सोपें आहे. प्रत्येक चलाच्या नांवाआधीं डॉलरचें चिन्ह येतें, वाक्याच्या शेवटीं अर्धविराम येतो. मात्र बरोबरीच्या चिन्हाशीं जपून वागावें. तें चिन्ह एकदां लिहिलें तर 'ही किंमत येथें ठेव' असा अर्थ होतो; दोनदां लिहिलें तर सैल तुलना, तीनदां लिहिलें तर कांटेकोर तुलना. ही सैल तुलना किती सैल असावी? २०२० सालच्या आठव्या आवृत्तीपूर्वीं शून्य हा आंकडा आणि 'आंबा' हा शब्द तिच्या लेखीं समान होते, कारण शब्दाचा आंकडा करतांना त्याचें शून्यच होई. आठव्या आवृत्तीनें ही चूक सुधारली. तरीहि नवशिक्यानें तीन चिन्हांचीच संवय लावून घ्यावी हें बरें.

मराठी लिहिणाराला आणखी एक जागा ठेंच लागण्याची आहे. शब्दाची लांबी मोजण्याची जी नेहमींची आज्ञा आहे, तिला 'मराठी' हा शब्द दिला तर उत्तर येतें १५. कारण ती अक्षरें मोजीत नाहीं, तर साठवणीचे बाइट मोजते. आणि यूटीएफ-८ ह्या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चिन्हें मोजणारी निराळी आज्ञा ५ हें उत्तर देते: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. मुलाला शाळेंत शिकविलेलें 'म-रा-ठी' हें ३ चें उत्तर हवें असेल, तर तिसरीच आज्ञा वापरावी लागते. पहिल्या आज्ञेच्या भरंवशावर कोणी मराठी मजकूर मध्येंच तोडला, तर अक्षर अर्धें कापलें जाऊन पानावर भलतेंच चिन्ह उमटतें. इंग्रजी उदाहरणांवरून शिकणाराला ही चूक दिसत नाहीं, कारण साध्या इंग्रजी अक्षरांचीं हीं तीनहि उत्तरें एकच असतात.

येथवरच्या चुकांनीं नुकसान होतें तें लिहिणाराचें. आरंभीं उल्लेखिलेला धोका मात्र दुसऱ्यांना पोंचणारा आहे. समजा, एका वाचनालयानें सभासदांची यादी संकेतस्थळावर ठेवली आणि तें काम हौसेनें एका नवशिक्यानें केलें. सभासद आपलें आडनांव लिहितो, आणि तें जसेंच्या तसें यादीला विचारावयाच्या प्रश्नांत जोडलें जातें. जोशी, पाटील, कुलकर्णी ह्यांचें काम सुरळीत होतें. मग एके दिवशीं वसईचे कोणी डि'सोझा आपलें आडनांव रोमन लिपींत, वरच्या त्या लहानशा चिन्हासह लिहितात, आणि पान मोडून पडतें. कारण प्रश्नाच्या भाषेंत तेंच चिन्ह 'मजकूर येथें संपला' असें सांगतें. सज्जन डि'सोझांच्या नांवानें जें भगदाड उघडें पडलें, त्याच भगदाडांतून दुष्ट मनुष्य आपले हुकूम आंत घुसवूं शकतो. सर्व सभासदांचे पत्ते वाचूं शकतो, सगळी यादी पुसूंहि शकतो.

ह्यावरचा उपाय अवघड नाहीं. प्रश्नाचा सांचा आधीं निराळा पाठवावा व बाहेरून आलेला मजकूर मागाहून त्यांत भरावा. म्हणजे तो मजकूरच राहतो, हुकूम होऊं शकत नाहीं. त्याचप्रमाणें परक्यानें लिहिलेला मजकूर पानावर दाखवितांना त्यांतील विशेष चिन्हें निष्प्रभ करून मगच छापावीं, नाहीं तर वाचकाचा ब्राउझर त्यालाच आज्ञा समजेल. परवलीचा शब्द तर आहे तसा कधींहि साठवूं नये. त्याचें उलट न वाचतां येणारें रूप करून देणारी सोय २०१३ सालच्या ५.५ ह्या आवृत्तीपासून भाषेंतच आहे.

इतकें सोपें असतां चुका कां होतात? पुष्कळदां जुन्या पाठांमुळें. माहितीच्या साठ्याशीं बोलण्याचा जो जुना मार्ग अनेक पाठांत शिकविला जाई, तो २०१५ सालच्या सातव्या आवृत्तींतून काढूनच टाकण्यांत आला. परंतु ते पाठ अजून वाचले जातात आणि त्यांतील ओळी उतरून घेतल्या जातात. म्हणून कोणताहि पाठ हातीं घेतांना तो कोणत्या सालचा व कोणत्या आवृत्तीचा, हें आधीं पाहावें. भाषेची अधिकृत मार्गदर्शिका विनामूल्य मिळते. शंका आल्यास तीच प्रमाण मानावी. पहिला प्रयोग घरच्या पुस्तकांच्या यादीसारखा, चुकला तरी कोणाचें नुकसान न करणारा असावा. शिकतांना चुकांच्या सूचना पडद्यावर दिसूं द्याव्या. संकेतस्थळ लोकांसाठीं खुलें करतांना त्या झांकून वहींत नोंदवाव्या, कारण घरांतील भगदाडें कोठें आहेत हें परक्यास सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

अर्ज भरणारा मनुष्य आपलें नांव व पत्ता लिहितो, तो आंतील काम पाहून नव्हे, विश्वासानें. चार ओळींत पान दिसूं लागलें म्हणजे विद्या आली असें न समजतां, त्या विश्वासास आपण पात्र झालों कीं नाहीं, हें विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावें. त्याचें उत्तर पहिल्या दिवशीं मिळत नाहीं; पण सावधपणें शिकणाराला तें फार दिवस चुकवितहि नाहीं.