ट्रॅक्टरच्या गिअर-तेलाचा फिल्टर : कंपनीचा घ्यावा कीं बाजारचा ?

खानदेशांत हल्लीं बैलांच्या गोठ्याशेजारीं ट्रॅक्टरची पडवी उभी राहिली आहे; कोठें कोठें तर गोठा जाऊन पडवीच उरली आहे. वैरणींत कुजका कडबा आला तर तो आमच्या शेतकऱ्यास वासावरून कळतो. परंतु यंत्राच्या पोटांत काय जातें, इकडे तितकें लक्ष पुरविलें जात नाहीं. सुट्या भागांपैकीं ज्याविषयीं दुकानांत नेहमीं घासाघीस होते, असा एक भाग म्हणजे गिअर व हायड्रॉलिक तेलाचा फिल्टर. दुकानदार दोन डबे पुढें ठेवितो. एक कंपनीच्या नांवाचा व महाग, दुसरा बाजारचा व स्वस्त. ‘काम दोघांचें एकच’ असें तो सांगतो. तें म्हणणें कितपत खरें आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हा फिल्टर कोठें असतो तें पाहूं. रावेर, यावल व सावदा या भागांतून केळीं घेऊन उत्तरेकडे जाणारे मालट्रक आपण पाहतों. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यास मिळत असल्यामुळें तेथेंही ट्रकांची व मिस्त्रींची गर्दी असते. यांपैकीं बहुतेक ट्रकांची गिअरपेटी हातानें गिअर बदलण्याची असते. तिच्यांत गिअर तेलांत बुडून फिरतात व लोखंडाचा कीस निचरा-बोल्टाच्या लोहचुंबकास चिकटतो. कागदी फिल्टर सहसा नसतो. अमेरिकेंतील कांहीं डिझेल पिकअप गाड्यांस बसविलेल्या ‘ॲलिसन १०००’ या स्वयंचलित गिअरपेटीस मात्र बाहेरून फिरवून बसविण्याचा फिल्टर असतो. तेव्हां ट्रकवाल्यानें आपल्या गाडीस असा फिल्टर आहे कीं नाहीं, हें गाडीच्या पुस्तकांत पाहूनच खरेदीस निघावें.

ट्रॅक्टरची रचना निराळी. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल व मागची लिफ्ट हीं एकाच हौसिंगमधील तेलावर चालतात. ब्रेक तेलांत बुडालेले असतील तर त्यांच्या चकत्यांची झीजही त्याच तेलांत उतरते. तेंच तेल हायड्रॉलिक पंप ओढून घेतो व त्याच्या जोरावर नांगर किंवा रोटाव्हेटर उचलला जातो. गिअरचे जाड दांते थोडा कीस सोसतात. पंपाचे व व्हॉल्व्हचे तासून बसविलेले भाग तो सोसत नाहींत. म्हणून फिल्टर हा मुख्यतः पंपाचा व लिफ्टचा राखणदार होय.

या कामांत डोळ्यांवर भरंवसा ठेवणें व्यर्थ आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, व सुमारें ४० मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यास दिसत नाहीं. पंपास झिजविणारा कीस बहुधा याहूनही बारीक असतो. तेल बोटावर घेऊन ‘स्वच्छ आहे’ असें म्हणणें म्हणजे विहिरींत डोकावून पाणी गोड आहे असें सांगण्यासारखें आहे.

आतां बाजारांतील माल पाहूं. आपण त्यास ‘ओरिजनल’ व ‘लोकल’ अशीं दोनच नांवें देतों. वस्तुतः त्याचे चार वर्ग आहेत. पहिला, ट्रॅक्टर-कंपनीच्या डब्यांतून येणारा. ट्रॅक्टर-कंपन्या बहुधा फिल्टर स्वतः बनवीत नाहींत. फिल्टरच्या कारखान्याकडून आपल्या मोजमापाप्रमाणें करवून घेतात. दुसरा वर्ग, असे फिल्टर बनविणारे नामांकित कारखाने स्वतःच्या नांवानें विकतात तो; पुण्याची फ्लीटगार्ड ही त्यांपैकींच एक. तिसरा, ज्याचें नांव-गांव डब्यावर धड नाहीं असा अनोळखी माल. चौथा, कंपनीचें नांव चोरून छापलेला नकली माल. दुसऱ्या वर्गास केवळ ‘कंपनीचा नाहीं’ म्हणून तिसऱ्याच्या पंक्तीस बसविणें अन्यायाचें आहे. आणि चौथ्यास केवळ डबा पाहून पहिल्याच्या पंक्तीस बसविणें धोक्याचें आहे.

फिल्टरची पारख पुढील गोष्टींवर होते.

पहिली गोष्ट गाळण्याची शक्ति. डब्यावर ‘१० मायक्रॉन’ एवढेंच लिहिलेलें असेल तर त्यावरून कांहींच ठरत नाहीं. त्या आकाराचे कण शेंकडा किती अडतात हें कळलें पाहिजे. आयएसओ १६८८९ या प्रमाणांत यासाठीं ‘बीटा’ नांवाचा आंकडा असतो. दहा मायक्रॉनास बीटा २ असेल तर तितक्या व त्याहून मोठ्या दर दोन कणांपैकीं एक पार जातो. बीटा ७५ असेल तर पंचाहत्तरांतून एक. म्हणजे १५० कण आले असतां पहिल्यांतून ७५ सुटतात, दुसऱ्यांतून अवघे दोन. दोन्ही डब्यांवर ‘१० मायक्रॉन’ हेंच लिहिलेलें असूं शकतें.

दुसरी गोष्ट, ‘जितका बारीक तितका चांगला’ ही समजूत चुकीची आहे. फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूस असेल आणि तो ठरल्यापेक्षां अधिक बारीक घातला, तर तेल पुरेसें येत नाहीं, पंप कोरडा ओढतो, आवाज करतो व झिजतो. चहाच्या गाळणीचें काम धोतराच्या पदरानें होत नाहीं, तसेंच हें. यासाठीं मूळ फिल्टरचें मोजमाप तेंच प्रमाण समजावें.

तिसरी गोष्ट बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा तेल थंडीनें घट्ट झालें, तर ही झडप उघडून तेल न गाळतां पुढें सोडते, म्हणजे पंप उपाशी राहत नाहीं. ती कांहीं यंत्रांत फिल्टरमध्येंच असते, कांहींत यंत्राच्या अंगांत. फिल्टरमध्यें असावयाची ती बाजारी मालांत नसेल, तर पंप उपाशी. तिची स्प्रिंग सैल असेल, तर न गाळलेलें तेल सदोदित पार. खानदेशांत पौषांतल्या पहांटे तेल घट्ट असतें व वैशाखांत तेंच पाण्यासारखें पातळ होतें. त्यामुळें आमच्याकडे या झडपेची परीक्षा दोन्ही टोंकांस होते.

चौथी गोष्ट रबरी वायसर व आटे. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असें नाहीं. वायसराचा व्यास किंवा जाडी किंचित् कमी असली तरी ओढीच्या बाजूनें हवा शिरते, तेलास फेस येतो व लिफ्ट धक्के देते.

आतां खर्चाचा हिशेब मांडूं. आंकडे समजुतीपुरते आहेत. वाचकांनीं आपल्या बिलांतील घालावेत. समजा, कंपनीचा फिल्टर ९०० रुपयांस, नामांकित कारखान्याचा ६०० रुपयांस व अनोळखी ३०० रुपयांस मिळतो. हौसिंगमध्यें ४० लिटर तेल २५० रुपये दरानें म्हणजे १०,००० रुपयांचें. फिल्टर १,००० तास चालावयाचा असेल, तर महाग व स्वस्त यांतील ६०० रुपयांचें अंतर तासास ६० पैसे पडतें. त्याच तासांत डिझेल कित्येक लिटर जळतें. साठ पैशांसाठीं दहा हजारांचें तेल व त्याहून मोलाचा पंप पणास लावणें हा व्यवहार नव्हे. उलट, मोजमाप तंतोतंत मिळत असेल, तर कंपनीच्या डब्याऐवजीं नामांकित कारखान्याचा माल घेऊन ३०० रुपये वांचविण्यांत गैर कांहीं नाहीं. आणि पंप मृगाच्या तोंडावर बसला, तर भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहतां पाहतां पेरणीचा वाफसा निघून जातो. त्या नुकसानीचा आंकडा कोणत्याच बिलावर नसतो.

वॉरंटीविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार-कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यांत टाटा मोटर्स व महिंद्र याही होत्या. ग्राहकानें बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतलें एवढ्याच कारणानें सरसकट वॉरंटी रद्द करूं नये, बाहेरच्या सदोष कामानें जेवढें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारतां येईल, असें त्यांत सांगितलें आहे. दंडाच्या रकमेवर पुढें अपिलें झालीं. हा निकाल मोटारींपुरता होता. ट्रॅक्टरवाल्यानें त्यावर विसंबून न राहतां आपलें वॉरंटीपत्र ओळीनें वाचावें. मुदत चालू असेतों कंपनीचाच फिल्टर, पक्क्या बिलानें, घालणें शहाणपणाचें. केंद्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं जें संकेतस्थळ सुरू केलें, त्यांत शेतीच्या यंत्रांचाही समावेश आहे.

नकली मालाची ओळख कठीण असते. महसूल खात्यांत नोकरी केलेल्यास तेलगीचें प्रकरण विसरतां येत नाहीं. तेलगीस २००१ सालीं अटक झाली, तोंपर्यंत त्याचे बनावट मुद्रांक भल्याभल्या संस्थांनीं खरे म्हणून घेतले होते. शिक्का पाहून फसगत टळत नाहीं. विकणारा कोण व नोंद कोठें, यावरच ती टळते. फिल्टरचेंही तसेंच. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. भाग-क्रमांक पुस्तकाशीं ताडावा. कारखान्याचें नांव, महिना व किंमत छापलेली पाहावी. जीएसटी क्रमांकाचें बिल घ्यावें. दुसऱ्याचें बोधचिन्ह खोटें लावणें हा १९९९ च्या कायद्यानें गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फसलेल्या ग्राहकास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. पांच लाखांपर्यंतच्या मालास फी नाहीं. स्वतःच्या उपजीविकेसाठीं घेतलेलें यंत्र ‘व्यापारी हेतूचें’ ठरत नाहीं, हें शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें. परंतु बिल नसेल तर यांतील कांहींच चालत नाहीं.

आणखी दोन सवयींविषयीं. कागदी फिल्टर डिझेलनें धुवून पुन्हां घालणें ही काटकसर नव्हे. धुतल्यानें कागद फाटतो व गाळ आंतल्या बाजूस जातो. तारेची जाळी मात्र धुवावी. तसेंच काढलेला जुना फिल्टर फेंकून न देतां पत्र्याच्या कातरीनें कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्या. चुंबकास चिकटणारी चमक दिसली तर ती पोलादाची झीज. न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर पितळ किंवा ब्राँझ झिजत आहे. तेल दुधासारखें पांढुरकें असेल तर पाणी शिरलें आहे, व फिल्टर कितीही चांगला असला तरी तेल बदललेंच पाहिजे.

सारांश : वॉरंटीच्या मुदतींत कंपनीचाच फिल्टर घालावा. मुदतीनंतर कंपनीचा, किंवा मोजमाप लेखी सांगणाऱ्या नामांकित कारखान्याचा घालावा. अनोळखी माल कोणत्याही किंमतीस घेऊं नये. ज्याप्रमाणें सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, त्याप्रमाणें ट्रॅक्टरची एक वही ठेवावी; तींत तारीख, मीटरचे तास, फिल्टरचा क्रमांक, दुकान व बिल क्रमांक हीं पांच घरें असावींत. पुढच्या वेळीं दुकानदार दोन डबे पुढें ठेवील, तेव्हां ही वही आपल्या हातीं असावी.